शनिवारी न घेतलेली गाडी

१

"गाडीची मालकी किल्लीनं जात नाही, पैशानं जात नाही, आणि शपथेनं तर मुळीच जात नाही. ती कागदानं जाते. माणूस खोटं बोलतो. कागद खोटं बोलत नाही."

संघपाल निमगडे हे वाक्य गेली चौतीस वर्षं म्हणत आले होते. त्यातली तीस वर्षं परिवहन कार्यालयातल्या टेबलामागून, आणि निवृत्तीनंतरची चार चंद्रपुरातल्या एका चहाटपरीच्या बाकावरून. जुनी गाडी विकायला निघालेला माणूस हे ऐकून गंभीर होई, हातातला कप खाली ठेवी. मग निमगडे उठत आणि आपल्या स्कूटरला किक मारीत. ती स्कूटर कागदोपत्री बल्लारपूरच्या एका गृहस्थांची होती. ते गृहस्थ दोन हजार चार साली वारले होते.

मार्च संपत आला होता. सोमवारी सकाळी टपरीवर वाक्य म्हणून झालं होतं, किक मारायची बाकी होती, तेवढ्यात फोन वाजला. त्यांची भाची रिना. आलापल्लीच्या अलीकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात ती नर्स होती. आई-बाप गेल्यापासून निमगडे हेच तिचं माहेर.

"मामाजी, मी बाबाची गाडी इकली."

"शाब्बास. ताबा पावती घेतली?"

"घेतली."

"तारीख टाकली? वेळ टाकली? दोघांच्या सह्या?"

"सगळं टाकलं. तुमी सांगतलं होतं तसंच." "त्याच कागदामुळं पोलीस मले खुनाच्या केसमधी धरून राह्यले, मामाजी."

२

निमगडे दुपारी बसमधून उतरले तेव्हा रिना क्वार्टरच्या पायरीवर युनिफॉर्मातच बसली होती. ड्युटीवर जायचं की नाही हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती तयार होऊन बसली होती.

झालं होतं ते असं. रविवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास पहिल्या बसच्या ड्रायव्हरला येडमटोल्याच्या फाट्यावर, सागवानातून जाणाऱ्या डांबरी रस्त्याच्या कडेला, एक बाई मरून पडलेली दिसली. ठमाबाई, वय साठीच्या पुढं, येडमटोल्याचीच. अंगावरून गाडी गेली होती. लुगड्याच्या पदरात लाल काचेचा एक तुकडा अडकला होता.

दुपारी तिचा मुलगा पत्रू बातमी ऐकून ठाण्यात आला. आला तो एका पांढऱ्या, सात माणसं बसतील अशा जुन्या गाडीतून. गाडीचा मागचा उजवा दिवा फुटलेला होता. एका हवालदारानं सहज म्हणून तो तुकडा तिथं लावून पाहिला. तुकडा बसला.

"गाडी कुणाची?"

"आजच घेतली साहेब. सकाळी दहाला. नर्सबाईकडून."

पत्रूनं खिशातून पावती काढली. रविवार, सकाळी दहा वाजता. खाली रिनाची सही.

म्हणजे पोलिसांच्या हिशेबानं गोष्ट सरळ होती. नर्सबाईनं पहाटे गाडी एका म्हातारीच्या अंगावर घातली आणि गाडी गळ्यातून काढायची म्हणून पाच तासांत विकून टाकली. विकली ती नेमकी त्या म्हातारीच्या पोराला.

"खरं काय ते सांग," निमगडे म्हणाले.

"मी शनिवारी संध्याकाळी सहालाच दिली जी गाडी. पत्रूभाऊ आला, संगं तो एजंट चंचल. पैसे देल्ले, किल्ली घेतली, गाडी घेऊन गेला. रात्री मी इथं झोपून होती."

"मग पावतीवर रविवार कसा?"

रिना बोटांनी ओढणीचं टोक पिळू लागली. "पत्रूभाऊ म्हणे, माझी माय शनिवारी लोखंड घेऊ देत नाई. कागदावर रविवार टाका, म्हणजे मायले सांगता येते का आज नाई घेतली, उद्या घेईन. आपल्याले काय मामाजी, शनिवार का न् रविवार का. मी म्हटलं टाका."

निमगड्यांनी कपाळाला हात लावला. "आपल्या घरानं वार पाळायचं सोडून सत्तर वर्षं झाली. आणि तू दुसऱ्याचा वार पाळून फासावर चाललीस?"

"म्हातारीचं मन राखलं फक्त."

"शनिवारी गाडी गेली हे पाहणारं कोणी?"

"कोणीच नाई. आठवडाभर चंचलच गाडी फिरवून राह्यला होता गिऱ्हाइकाले दाखवाले. शेजारच्यांले काय समजते, गाडी इकली का दाखवाले नेली?" तिनं मान वर केली. "फौजदार साहेब म्हणे, बुधवारी दुपारी अटक दाखवतो. अठ्ठेचाळीस तास आत राह्यली का नोकरी गेलीच. मंग कोर्टात खरं निघालं तरी काय उपयोग?"

चौतीस वर्षांत पहिल्यांदाच एका कागदानं त्यांना तोंडावर पाडलं होतं, आणि तो कागद त्यांच्याच सांगण्यावरून केलेला होता.

३

फौजदार अतुल मसराम हा वाईट माणूस नव्हता. रिनानं त्याच्या धाकट्या मुलीला तीनदा लस टोचली होती, म्हणून तर त्यानं बुधवारपर्यंत वेळ दिला होता. मंगळवारी सकाळी त्यानं निमगड्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि आपला मोबाइल पुढं सरकवला.

"पाहून घ्या काका. पण पाहवत नाई."

खरंच पाहवत नव्हतं. निमगड्यांनी आधी बाईकडं पाहायचं टाळलं, आणि टाळता टाळता त्यांची नजर बाजूच्या टोपलीवर गेली. बांबूची टोपली होती. डोक्याशी, सरळ उभी ठेवलेली. आत अर्धीअधिक मोहाची फुलं, ताजी, पिवळट, काठापासून आत नीट सारलेली.

मग त्यांनी बाईकडं पाहिलं. लुगड्याचे गुडघे काळे होते, राख लागल्यासारखे.

"टोपली कोणी उचलून ठेवली का?"

"बसवाल्यानं हात नाई लावला म्हणते. आमीबी नाई."

"फौजदार साहेब, माणसाच्या अंगावरून गाडी जाते आणि टोपलीतलं एक फूल सांडत नाही?"

मसरामनं खांदे उडवले. "पडतात काही वस्तू सरळ."

"बरं. आणि दिवा कुठला फुटला?"

"मागचा."

"रस्त्यानं पुढं जाणारी गाडी माणसाला मागच्या दिव्यानं कशी मारील?"

फौजदारानं या प्रश्नाचं उत्तर आधीच शोधून ठेवलंय हे निमगड्यांच्या लक्षात आलं. "पहिले धडक देल्ली. मंग काय झालं पाहाले गाडी मागं घेतली. घाबरलेला माणूस असाच करते, काका. तुमी चौतीस वर्षं कागद पाह्यले, मी अकरा वर्षं मुडदे पाह्यले."

निमगडे अंगणात गाडी बघायला गेले. कडुनिंबाच्या सावलीत ती उभी होती, रविवार दुपारपासून जागची हललेली नाही. त्यांनी तिचा फुटका दिवा पाहिला, टायर पाहिले, सवयीनं चेसिस नंबरही पाहिला. पुढं वायपरच्या खाली, काच आणि बॉनेट यांच्यामधल्या फटीत, काहीतरी चिकटलं होतं. त्यांनी बोटानं उकरलं. मोहाची फुलं. पाच-सहा होती, सुकून मनुक्यासारखी झालेली.

ठाण्यात मोहाचं झाड नव्हतं. रिनाच्या क्वार्टरपाशी चिंच होती. आणि रिनाच्या क्वार्टरपासून ठाण्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसतं सागवान होतं.

४

चंचल हा एजंट चौकात मोबाइल-रिचार्जच्या दुकानाबाहेर सापडला. तो गाड्या विकत नसे. तो गाड्या 'जुळवत' असे. खिशात पाच पेनं, आणि पाचही वेगवेगळ्या शाईची. वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखी पावती हवी असेल तर सोय.

"निमगडे साहेब! तुमच्या टेबलावरून माझे किती कागद गेले असतील!"

"त्याहून जास्त परत आले. चंचल, पावती शनिवारी लिहिलीस ना?"

"कागदावर रविवार आहे."

"मी कागदाचं नाही विचारलं."

चंचलनं इकडंतिकडं पाहिलं. "हे पाहा साहेब. शनिवारी लिहिली, सिस्टरच्या घरी. पण माझ्यासमोर किल्ली देल्ली का नाई ते मले नाई माहीत. मी सही झाल्याबरोबर निंगालो. आन् ठाण्यात इचारलं तर मी म्हणन, कागदावर आहे थेच खरं. काऊन का एक तारीख खोटी निंगाली, तर माझ्या शंभर गिऱ्हाइकांले शंका येईन. धंदा बसन."

"एका पोरीचा जन्म बसतोय."

"मले वाईट वाटते जी." त्याला खरोखर वाटत असावं. त्यानं शरमेनं खिशात हात घातला, आणि त्याच्या हाताबरोबर पेनांच्या मधून एक किल्ली बाहेर आली. लाल दोरा बांधलेली.

रिनाच्या बापाच्या, हरिदासच्या, गाडीची किल्ली निमगडे ओळखत होते. तो दोरा त्यांनीच बांधला होता.

"दुसरी किल्ली तुझ्याकडं?"

"गिऱ्हाइकाले दाखवाले घेतली होती. रविवारी पत्रूले द्याची राह्यली."

"म्हणजे रविवारी पहाटे या गाडीची एक किल्ली तुझ्या खिशात होती."

चंचलचा चेहरा एकदम वाळला. दोन क्षण निमगड्यांना वाटलं, हाच. मग चंचलनं मोबाइल काढला आणि एक व्हिडिओ लावला. राजुऱ्यात त्याच्या मेहुणीचं लग्न होतं. रविवार पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी हळदीनं पिवळा झालेला चंचल कमरेला ओढणी बांधून मांडवात नाचत होता. नाच इतका वाईट होता की तो कुणी मुद्दाम पुरावा म्हणून केला असेल असं वाटणं शक्य नव्हतं.

"शनिवारी संध्याकाळीच निंगालो राजुऱ्याले," चंचल रडकुंडीला येऊन म्हणाला. "आता तरी इस्वास ठेवा."

निमगड्यांनी विश्वास ठेवला. त्यामुळं त्यांची पंचाईत झाली. गाडी कुणी चालवली असेल अशी आता दोनच माणसं उरली होती. एक त्यांची भाची होती. दुसरा मेलेल्या बाईचा मुलगा होता.

५

येडमटोल्यात जाताना रस्त्याच्या उजव्या हाताला सागवान आहे, गावाच्या डाव्या हाताला शेतं, आणि शेतांच्या पलीकडं मोहाची मोठी झाडं. त्या दिवसांत गाव सगळं मोहाच्या वासानं भरलेलं असतं. अंगणाअंगणात फुलं वाळत घातलेली. फक्त एका अंगणात काहीच वाळत नव्हतं.

तिथं पत्रू बसला होता. तिशीतला, अंगानं दणकट. पण तीन दिवसांत खांदे खाली आलेले. शेजारची नीलाबाई त्याच्यापुढं भाताची थाळी ठेवून बसली होती, आणि थाळीवरच्या माशा वारत होती.

"खा ना रे बाबू. मायच्या मागं मायसारखा जाशीन तू."

निमगड्यांनी आपण नर्सबाईचे मामा असल्याचं सांगितलं. पत्रूनं वर पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. जिनं आपली आई मारली, तिच्या मामाकडं माणूस असा पाहत नाही. निमगड्यांनी ही गोष्ट मनात बाजूला ठेवली.

"पत्रूभाऊ, गाडी कधी घेतली?"

"रविवारी. दहाला."

"सकाळी इथून कसे गेलात?"

"पायदळ. अंधारातच निंगालो. माय तवा घरीच होती."

"गाडी घेतल्यावर? इकडं गावात आणली का?"

"नाई जी. रस्त्यातच बातमी भेटली. तसाच ठाण्यात गेलो."

"म्हणजे गाडी कुठं उभी केली नाही? एखाद्या झाडाखाली, जरा सावलीला?"

पत्रूनं थोडा विचार केला. बहुधा त्याला वाटलं की या प्रश्नात काही धोका नाही. "केली असन. फाट्यावर. एका मोहाखाली, दुपारी."

तेवढ्यात नीलाबाई हसली. सुतकाच्या घरात हसू आलं म्हणून तिनं लगेच पदर तोंडाला लावला.

"फाट्यावर कुठचा रे मोहा? तिथं तं सारा सागच आहे." मग निमगड्यांकडं वळून म्हणाली, "पोट्ट्याचं डोस्कं ठिकाणावर नाई जी."

"बाई, मी शहरातला माणूस," निमगडे म्हणाले. "मोहाचं फूल दुपारी पडतं का?"

"दुपारी?" नीलाबाईनं त्यांच्याकडं असं पाहिलं, जसं ते आपल्या टेबलापुढं येऊन स्टँप कुठं लावायचा विचारणाऱ्याकडं पाहत. "मोहा रातच्यानं पडाले लागते. झुंजूमुंजू झालं का धो धो पडते. नवाच्या आत सारं खतम. दुपारी मोहाखाली तुमी झोपले तरी एक फूल नाई पडणार अंगावर."

पत्रूनं हातातला घास थाळीत ठेवला.

"ठमाबाई कुठं वेचायला जायची?"

"तिच्या झाडाखाली, अजून कुठी? इथी झाडं वाटलेली राह्यते जी, ज्याचं त्याचं. ठमाचं थे मोठं झाड, शेताच्या टोकाले. खालचा पालापाचोळा जाळून मस्त साफ करून ठेवलं होतं तिनं." नीलाबाईनं डाव्या बाजूला हात केला.

निमगड्यांनी त्या बाजूला पाहिलं, मग उजवीकडं, जिकडं फाटा होता तिकडं. घर मध्ये होतं. झाडावरून घरी येताना डांबरी रस्ता लागतच नव्हता.

"शनिवारी लोखंड आणू नये म्हणायची का ती?"

"बापा रे! लय कडक. तिचा नवरा शनिवारी नवी कुऱ्हाड घेऊन आला होता. चार दिसात झाडावरून पडला. तवापासून शनिवारी खिळाबी नाई येऊ देत होती घरात. घरात म्हणजे उंबऱ्याच्या आत न् अंगणात. शेतात ठेवला तं चालते म्हणे, शेत काही घर नाई."

पत्रू उठला आणि आत निघून गेला. आतून दार लावल्याचा आवाज आला.

निमगडे नीलाबाईला म्हणाले, "बाई, त्याच्यावर नजर ठेवा. एकटं सोडू नका त्याला आज."

६

बुधवारी सकाळी सात वाजता ठमाबाईच्या झाडाखाली पाच माणसं उभी होती. निमगडे, रिना, फौजदार मसराम, पत्रू आणि नीलाबाई. पत्रूला कुणी आणलं नव्हतं. ही मंडळी शेताकडं वळलेली पाहून तो स्वतःच मागोमाग आला होता, आणि नीलाबाई त्याच्या मागोमाग.

झाडाखाली तीन दिवसांची फुलं तशीच पडून होती. वेचायला कोणी आलं नव्हतं. वरून अजूनही पडत होती. टप्, टप्, थोडं थांबून पुन्हा टप्. निमगडे बोलू लागले तेव्हा एक फूल त्यांच्या चष्म्यावर पडलं.

"साहेब, तुमच्या अंगणातल्या गाडीच्या फटीत मोहाची फुलं आहेत. दुपारी ती पडत नाहीत. गाडी दहा वाजता घेतली आणि ठाण्यात नेली असती तर तिच्यावर एकही फूल नसतं. म्हणजे ती गाडी रविवारी नवाच्या आत एखाद्या मोहाखाली उभी होती. ठाण्यात, फाट्यावर, रिनाच्या दारात मोहाचं झाड नाही. इथं आहे."

"नर्सबाईनं इथं आणली नसन कशावरून?"

"इथं झाडं ज्याची त्याची असतात. दुसऱ्याच्या झाडाखाली रात्रभर गाडी लावाल, तर सकाळी गाव विचारील. आपल्याच झाडाखाली लावली तर कोणी विचारत नाही." निमगड्यांनी चष्मा पुसला. "गाडी शनिवारी संध्याकाळी आली. पण आईनं शनिवारचं लोखंड अंगणात येऊ दिलं नसतं. शेत काही घर नाही. म्हणून ती इथं ठेवली, रविवार उजाडेपर्यंत."

मसराम पत्रूकडं पाहत होता. पत्रू जमिनीकडं.

"पहाटे आई नेहमीप्रमाणे वेचायला आली. वाकून, गुडघ्यावर, जळक्या जमिनीवर. लुगड्याला राख त्याचीच. डांबरावर राख नसते. अंधार होता. पत्रूभाऊ गाडी घरी न्यायला आला. घाई असेल, उजाडायच्या आत अंगणात उभी करून आईला दाखवायची असेल. त्यानं गाडी मागं घेतली. मागचा दिवा फुटतो तो असा."

"पुरावा?" मसराम हळूच म्हणाला.

पत्रू खाली बसला. त्यानं जुन्या टायरच्या चाकोरीत, राखेत आणि सडलेल्या फुलांत हात घातला, आणि काहीतरी शोधू लागला. बराच वेळ शोधत होता. मग लाल काचेचा एक तुकडा काढून त्यानं फौजदाराच्या हातावर ठेवला.

"दिसलाच नाई तवा," तो म्हणाला. "दुसऱ्या दिशी आलो शोधाले, तरीबी नाई दिसला. आता दिसला."

नीलाबाईनं छातीवर हात मारला.

"लायसन नाई ना पक्कं," पत्रू सांगू लागला, आणि सांगताना त्याचा आवाज अगदी साधा होता, बसचं वेळापत्रक सांगावं तसा. "शिकाऊ आहे. आवाजच नाई आला जी. मायनं आवाज नाई केला. मी समजलो, दगड आहे. उतरून पाह्यलं... तिनं सांगतलं होतं शनिवारी नको आणू म्हणून. आता गावाले काय सांगू? शनिवारी आणलं न् त्यानंच मायले खाल्लं? म्हटलं रस्त्यावर ठेवतो. रस्त्यावर कोणाची बी गाडी राह्यते."

"आणि सिस्टर?" मसरामचा आवाज चढला. "तिचं काय?"

"तिनं मारलं असं मी म्हटलं नाई साहेब. तुमी इचारलं कधी घेतली. कागदावर दहा होतं, माझ्या तोंडातून दहा निंगालं. मंग थे परत कसं घ्यायचं, मले समजलंच नाई." त्यानं पहिल्यांदा रिनाकडं पाहिलं. "रोज सकाळी ठरवत होतो, आज जाऊन सांगतो. पाय नाई उठले."

रिना रडत नव्हती. तीन दिवस जो राग तिनं साठवला होता तो आता कुठं ठेवावा हे तिला कळत नव्हतं, आणि ती ओढणीचं टोक पिळत उभी होती.

"एक सांग," निमगडे खाली बसत म्हणाले. "टोपली. टोपली सरळ का ठेवलीस? रस्त्यावरची धडक वाटायची तर फुलं सांडलेली हवी होती."

पत्रूला प्रश्न कळायला वेळ लागला. जणू एवढं तर कुणालाही समजायला हवं होतं.

"सांडली होती ना जी इथं. सारी सांडली होती." त्यानं दोन्ही हातांची ओंजळ केली. "मायनं एक एक वेचली होती. सांडलेलं कसं ठेवू? मी बॅटरी लावून वेचून घेतली सारी. मंग तिले उचललं."

वरून फुलं पडत राहिली. चौतीस वर्षं कागद वाचणारा माणूस गुडघ्यावर हात टेकून उठला.

७

पुढचं सगळं फार साधेपणानं झालं. मसरामनं पत्रूला हातकडी घातली नाही. नीलाबाईनं त्याला पाणी पाजलं, आणि मग आपल्याच घरातून एक शाल आणून त्याच्या खांद्यावर टाकली. गरमी होती तरी टाकली. फौजदारानं रिनाला सांगितलं, "तुमचा जबाब घेतो परत, मंग तुमी मोकळ्या." तिनं मान हलवली. मोकळं झाल्यावर काय करायचं असतं हे विसरल्यासारखी ती तिथंच उभी राहिली.

"मामाजी, मी पाप केलं का जी?" तिनं हळूच विचारलं. "मी शनिवारच टाकला असता तर?"

"तर त्याला खोटं बोलायची सोय नसती. बाकी सगळं तसंच झालं असतं. कागदाचा दोष नाही. आणि तुझाही नाही."

ठाण्याची जीप शेताच्या बांधावर उभी होती. पत्रू मागं बसला, त्याच्याजवळ हवालदार. मसराम पुढं. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली. जीप घुरघुरली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली. पुन्हा गप्प. बॉनेट उघडून पाहिलं, बंद केलं, परत किल्ली फिरवली. गावातली माणसं बांधावर जमा झाली होती. हवालदार उतरला. पत्रूही उतरला, कुणी सांगायच्या आधी, आणि जीपच्या मागं जायला निघाला. मग मधेच थबकला, गाडीच्या मागच्या दिव्याकडं पाहत उभा राहिला, आणि तिथून त्याचा पाय पुढं पडेना.

मसरामनं टोपी काढली, घाम पुसला, आणि इकडंतिकडं पाहिलं.

"सिस्टर," तो ओशाळून म्हणाला, "तुमी अन् मामा जरा हात लावा ना मागून. नुसता एक धक्का पाह्यजे."